शिंगाचं धनुष्य आणि वेळूचा कामठा

गेल्या पावसाळ्यात माथेरानहून गार्बेटच्या वाटेने भिवपुरीकडे उतरताना माझ्या बुटाचा तळवा सुटला. आधी पुढून थोडासा, मग दर पावलाला मगरीच्या जबड्यासारखा उघडझाप करत. दुकानात बूट घेताना 'वॉटरप्रूफ' शब्दाचे वेगळे पैसे मोजले होते. वर धुकं, खाली चिखल, मोबाइलला रेंज नाही आणि स्टेशन अजून दोन तासांवर.

वाटेवरच्या एका वाडीतले काका गुरांमागून येत होते. कमरेला लाकडी आकडी, आकडीत कोयता, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं आणि काही न बोलता बाजूच्या झुडपाची एक फांदी तोडली. सालीत नखाने चीर दिली, साल एका ओढीत लांबच्या लांब सोलून काढली, तिचे दोन पदर पीळ देऊन एकत्र केले आणि बुटाभोवती चार वेढे घालून गाठ मारली.

"काका, किती टिकेल हे?"

"घरापातूर टिकंल," ते म्हणाले आणि गुरांमागे निघून गेले.

झाड केवणीचं होतं. केवण म्हणजे पिळदार शेंगांची मुरुडशेंग. आजीच्या बाळगुटीच्या डब्यात असते तीच. तिच्या सालीचा दोर सह्याद्रीतल्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वळला जातो.

ट्रेनमध्ये बसल्यावर मी त्या बुटाकडे बघत होतो. चिकटवलेलं सुटलं होतं, बांधलेलं टिकलं होतं. तेव्हा मला काही महिन्यांपूर्वी वाचून अर्धवट सोडलेली एक गोष्ट आठवली. ती धनुष्यांची होती. हिंदुस्थानात शेकडो वर्षं दोन तऱ्हेची धनुष्यं शेजारी शेजारी नांदली. एक चिकटवलेलं, एक बांधलेलं. एक बादशहाच्या पदरी, एक रानात. दोन्ही संपली, पण दोघांच्या संपण्याचं कारण एक नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

म्हैस, शीर आणि सरस

धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाकवलेली काठी आणि दोरी येते. टीव्हीवरच्या रामायणाने त्याला सोनेरी रंग दिला, निवडणूक आयोगाने त्याचं चिन्ह केलं. पण मूळ कल्पना काठीचीच. मोगल, तुर्क, इराणी, राजपूत, मराठे यांच्या काळातलं लढाईचं उत्तम धनुष्य मात्र काठी नव्हतं. ते तीन वेगवेगळ्या पदार्थांचं एकजीव केलेलं यंत्र होतं.

कुठलीही पट्टी वाकवली की तिच्या बाहेरच्या बाजूवर ताण येतो आणि आतल्या बाजूवर दाब. प्लॅस्टिकची मोजपट्टी वाकवून पाहा: बाहेरची बाजू लांब व्हायला बघते, आतली आखूड. लाकूड हे दोन्ही थोडंफार सोसतं. आपल्या लांबीच्या साधारण एक टक्का दबलं की त्याचे तंतू मोडायला लागतात. म्हणून लाकडाचं जोरदार धनुष्य लांबलचक करावं लागतं. लांब धनुष्य घोड्यावर बसून चालवता येत नाही. ते खोगिरात अडकतं, घोड्याच्या मानेला लागतं.

यावर मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी हजारो वर्षांपूर्वी उत्तर काढलं. दाब सोसणारा वेगळा पदार्थ, ताण सोसणारा वेगळा आणि मध्ये नुसतं दोघांना धरून ठेवणारं लाकूड. दाबाच्या बाजूला, म्हणजे तिरंदाजाकडच्या अंगाला, म्हशीचं शिंग. शिंग लाकडाच्या कितीतरी पट दबतं आणि सोडलं की परत मूळ आकारात येतं. ताणाच्या बाजूला, म्हणजे शत्रूकडच्या अंगाला, जनावराच्या पायाच्या किंवा पाठीच्या जाड शिरा. वैद्यकात त्यांना कंडरा म्हणतात. संस्कृतात त्यांनाच 'स्नायु' म्हणत. आज आपण तो शब्द मांसासाठी वापरतो.

हे बनवायचं कसं? शिंगाच्या बाहेरच्या वळणाची लांब पट्टी कापायची. ती पाण्यात उकळून मऊ करायची, दाबून सरळ करायची आणि तासून हव्या त्या जाडीची करायची. शिरा उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि लाकडी हातोडीने ठेचायच्या. ठेचता ठेचता त्यांचे केसासारखे तंतू सुटे होतात, ते विंचरायचे. लाकडाचा गाभा वाफेवर वाकवून घ्यायचा. गाभ्यावर आणि शिंगावर दातेरी हत्याराने बारीक चरे पाडायचे, म्हणजे दोघांचे दात एकमेकांत बसतात आणि चिकटायला जागा जास्त मिळते.

आणि मग सरस. कातडं, शिरांचे तुकडे किंवा माशाचा फुगा मंद आचेवर तासन्‌तास शिजवून तयार होणारा डिंकासारखा पदार्थ. फेविकॉल घरोघरी यायच्या आधी आपले सुतारही सरसच वापरायचे. आधी शिंग चिकटवायचं, दोरीने घट्ट आवळून ठेवायचं, वाळू द्यायचं. मग सरसात भिजवलेले शिरांचे तंतू दुसऱ्या बाजूला थरावर थर बसवायचे. एक थर, मग वाट. दुसरा थर, मग पुन्हा वाट. तंतू वाळताना आक्रसतात आणि धनुष्याला उलट्या दिशेने खेचतात. त्यामुळे दोरी उतरवली की हे धनुष्य सरळ होत नाही. त्याची टोकं उलटी वळून खेकड्याच्या नांग्यांसारखी एकमेकांकडे येतात. दोरी चढवणं म्हणजे त्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध वाकवणं. त्यासाठी ते आधी निखाऱ्यांवर अलगद शेकावं लागे आणि एका माणसाचं बळ कधी कधी कमी पडे.

सगळा सरस आतपर्यंत सुकायला काही महिने लागत, चांगल्या कामाला वर्षसुद्धा. मग वर कातडं किंवा बारीक साल, त्यावर रंग, सोनेरी वेलबुट्टी आणि लाखेचा चकचकीत थर. संग्रहालयातल्या काचेमागे आपण पाहतो ती वेलबुट्टी. तिच्याखालची म्हैस आपल्याला दिसत नाही.

फ्रेंच प्रवासी बर्नियर सतराव्या शतकात औरंगजेबाच्या दरबारी होता. त्याने लिहून ठेवलंय की बंदूकवाला दोन बार काढेपर्यंत मोगल घोडेस्वार सहा बाण सोडतो. बंदूक आल्याबरोबर धनुष्य संपलं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दोघं दोन-अडीच शतकं एकाच सैन्यात होती.

शारंगपाणी आडनावाची गोष्ट

शिंगाचं धनुष्य बाहेरून आलं आणि वेळूचं आपलं, असंही सरळ नाही. तुमच्या ओळखीत कोणी शारंगपाणी आडनावाचे असतील तर त्यांना सांगा, की त्यांच्या आडनावात म्हैस आहे. शृङ्ग म्हणजे शिंग, शार्ङ्ग म्हणजे शिंगाचं. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. ते हातात धरणारा तो शार्ङ्गपाणी. बुलढाण्यातल्या मेहकरच्या देवाचं नाव शारंगधर. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा, देवगिरीच्या यादवांच्या पदरचा पंडित शार्ङ्गदेव. अभंगांत विठोबाला शारंगधर म्हणून हाक मारतात, तेव्हा ती हाक शिंगाच्या धनुष्यालाही पोचते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याने काय काय बाळगावं याची यादी आहे. तीत धनुष्यं चार पदार्थांची सांगितली आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबूचे तंतू आणि जनावरांच्या शिरा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच राजाच्या कोठारात दोन्ही घराणी एकत्र होती.

पुढे फारसीतून 'कमान' आली, 'तीर' आला, 'तिरंदाज' आला. कमान धनुष्याची होती, ती दाराची झाली, पुलाची झाली. आज मराठीत 'कमान' म्हटलं तर कोणाला धनुष्य आठवत नाही. रानातल्या धनुष्याला मात्र शब्द वेगळा राहिला: कामठा. तीर आणि कामठा मिळून तीरकामठा. अर्धा शब्द दरबारातला, अर्धा डोंगरातला.

पावसाचं काय?

आता बुटाकडे परत येऊ. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ज्यांनी तिथे जुलै काढलाय त्यांना माहीत आहे: चामड्याच्या पट्ट्यावर आठवड्यात बुरशी येते, काड्यापेटी पेटत नाही, भिंतींना घाम फुटतो.

सरस हा पाण्यात विरघळणारा पदार्थ. तो गरम पाण्यातच शिजवतात आणि ओलाव्यात तो पुन्हा मऊ होतो. शिरांचे तंतू ओल धरतात, सैल पडतात. शिंगाच्या धनुष्याचा खरा शत्रू बंदूक नसून दमट हवा होती. ते धनुष्य जन्मलं कोरड्या गवताळ मैदानांत. लाखेचा थर, सालीचं वेष्टण, उबेत ठेवण्याच्या पेट्या हे सगळे उपाय त्याला ओलीपासून वाचवायचे. हिंदुस्थानातल्या शस्त्रागारांत तर चक्क पोलादी धनुष्यं सापडतात, आकाराने अगदी शिंगाच्या धनुष्यासारखी. पोलाद शिंगाइतकं चपळ नाही, बाण तेवढा लांब जात नाही. पण पोलाद उसवत नाही, त्याला कीड लागत नाही. कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी चालतं. ज्या देशात चार महिने आभाळ गळतं तिथल्या कारागिरांनी शोधलेली ती तडजोड आहे.

इथूनच दक्षिणेला, खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ या दिवशी शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान याला तिथे कोंडलं. खान मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात निघाला होता. बरोबर रायबागन होती. वाट इतकी अरुंद आणि रान इतकं दाट, की फौजेला ना पसरता येई, ना वळता येई. पुढचं तोंड बंद, मागचं तोंड बंद, पाणी मिळेना. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरण जाऊन सुटका मागितली. परमानंदाच्या 'शिवभारता'त या लढाईचं सविस्तर वर्णन आहे.

त्या फौजेतल्या घोडेस्वारांच्या पाठीला असणारी धनुष्यं नक्कीच उत्तम असतील. महिना फेब्रुवारीचा, हवा कोरडी, सरस घट्ट. पण घोडदळाचं धनुष्य मोकळ्या मैदानासाठी असतं. समोर झाडं आणि वर कडे असले, की दूर जाणाऱ्या बाणाचा उपयोग काय? उंबरखिंडीत शस्त्र हरलं नाही, जागा चुकली.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात महाराजांच्या पायदळाबद्दल एक छोटी नोंद आहे. दर दहा माणसांत एकाकडे बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे; रात्रीच्या छाप्यात तो कामाला येई. कारण सोपं आहे. त्या काळची बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सतत धुमसत ठेवावी लागणारी वात. अंधारात ती लाल ठिणगीसारखी दिसते, तिचा वास येतो, पावसात ती विझते. आणि एकदा बार काढला की सगळा किल्ला जागा. धनुष्याला आवाज नाही, ठिणगी नाही. बंदुकीच्या युगात धनुष्य टिकलं ते ताकदीवर नव्हे, गप्प राहण्यावर.

वेळू निवडताना

रानातल्या माणसाला हे सगळं वेगळ्या कारणाने माहीत होतं. ससा, घोरपड, रानकोंबडी यांनाही आवाज चालत नाही.

कर्जत-खालापुरात आजही ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कातकऱ्यांचं नावच कातावरून पडलं: खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून पानात घालायचा कात काढणारे. आपण रामाच्या सैन्यातल्या वानरांचे वंशज, अशी त्यांच्यातली एक जुनी कथा इंग्रजी काळातच नोंदली गेली आहे. शेतीचं काम नसलेल्या दिवसांत कंदमुळं, मासे, खेकडे, उंदीर आणि छोटी शिकार यांवर घर चाले. कामठा त्या घरातलं एक अवजार होतं, जसा कोयता, जशी मासे धरायची मळई.

वेळूचा कामठा करायला म्हैस लागत नाही, वर्षभर वाट पाहावी लागत नाही. पण त्याला बुद्धी कमी लागते असं समजू नका. शिंगाच्या धनुष्यात कारागिराने तीन पदार्थ एकत्र आणले. वेळूत ती योजना निसर्गाने आधीच केलेली असते. बांबू हे गवत आहे. त्याच्या भिंतीचा आडवा काप पाहिला तर हिरव्या सालीजवळ तंतूंची दाट गर्दी दिसते आणि आत जावं तशी ती विरळ होत जाते. म्हणजे ताण सोसणारी बाजू एकीकडे, दाब सोसणारा गर दुसरीकडे, आणि मध्ये सरसाचा थेंबही नाही. जो थर चिकटवलेलाच नाही तो पावसात सुटणार कसा?

म्हणून पहिला नियम: साल तासायची नाही. ती धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला, शत्रूकडे किंवा सशाकडे राहील अशी ठेवायची. तासायचं ते आतून. दुसरा नियम: वेळू कोवळा नको आणि जून होऊन वाळलेला नको, दोन-तीन पावसाळे पाहिलेला हवा. भरीव किंवा जाड भिंतीचा असेल तर उत्तम. तिसरा नियम: पावसाळ्यात तोडायचा नाही. नव्या कोंबांच्या दिवसांत त्यात रस असतो आणि रसामागे भुंगा येतो; मग काही महिन्यांत नुसता भुसा उरतो. पावसाळा संपल्यावर, अंधाऱ्या पक्षात तोडावा असं गावोगावी सांगतात.

मग उभा चिरायचा. चिरताना कोयता मारत जायचं नसतं. एकदा फट पाडली की कोयता तिरका करून तिला पुढे ढकलायचं, वेळू आपल्याच रेषेत फाटत जातो. मधला भाग मुठीसाठी जाड ठेवायचा आणि दोन्ही टोकांकडे निमुळता करत न्यायचा. इथे खरी परीक्षा आहे. एक बाजू जास्त तासली गेली की सगळा ताण तिथेच येतो आणि दहाव्या-बाराव्या बाणाला ती मोडते. त्यामुळे थोडं तासायचं, वाकवून बघायचं, पुन्हा थोडं तासायचं. दोन्ही हात सारखे वाकतात का हे डोळ्यांनी बघायचं. यासाठी ना मोजपट्टी ना साचा. मग आचेवर शेकायचा. शेकल्याने त्यातली ओल जाते आणि हवा तो बाक बसतो. चुलीवरच्या माळ्यावर धुरात राहिला तर कीड लागत नाही.

आणि दोरी? सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला दोरीही बांबूचीच असते: सालीची पातळ, लांब चीप, दोन्ही टोकांना झाडाच्या तंतूंनी बांधलेली. ही दोरी ताणली जात नाही, भिजून लोंबत नाही. अर्थशास्त्राच्या यादीतला 'वेणु' आठवतोय ना? दोन हजार वर्षांपूर्वीचा तो शब्द ग्रंथात राहिला आणि ती वस्तू नंदुरबारकडच्या झोपडीत राहिली.

हे धनुष्य शिंगाच्या धनुष्याइतकं दूर मारत नाही. पण दाट रानात पंचवीस पावलांपलीकडे दिसतं तरी काय? प्रत्येक धनुष्य आपल्या डोळ्यांच्या टप्प्याइतकंच असतं. मैदानातला डोळा लांबचा, रानातला जवळचा.

१८७८

१८५०च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने माथेरान चढून आला. त्याने माथेरान 'शोधलं' असं अजूनही लिहिलं जातं. माथ्यावरचं रान हे नाव ज्यांनी ठेवलं ते तिथे आधीपासून होते, हे सांगायला नकोच. पाच वर्षांत गव्हर्नर एल्फिन्स्टन येऊन गेला, बंगले उठले, रस्ते आखले गेले. १८७१ साली जे. वाय. स्मिथ नावाच्या डॉक्टरने माथेरानवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं: माणसं, झाडं आणि प्राणी. शीर्षकात या तिघांना एका ओळीत बसवलं होतं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली.

दरम्यान एक वर्ष येऊन गेलं, १८७८. व्हाइसरॉय लिटनचा काळ. शाळेच्या पुस्तकात ते वर्ष देशी वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीच्या कायद्यासाठी असतं. कामठ्याच्या गोष्टीत ते दुसऱ्या दोन कायद्यांसाठी महत्त्वाचं आहे.

पहिला, वन कायदा. जंगलं राखीव झाली. काल जे रान होतं ते आज सरकारी मालमत्ता झालं. खैर तोडणं गुन्हा, दळीची शेती गुन्हा, वेळू तोडायला परवानगी. कातकऱ्यांचा कात गेला. नाव राहिलं, धंदा गेला.

दुसरा, शस्त्र कायदा. त्यात शस्त्र कशाला म्हणायचं याची व्याख्या होती. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्या रांगेत धनुष्यबाणही स्पष्टपणे लिहिले होते. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरायला बंदी. सरकारला हवं तिथे सूट देता येत होती, हे खरं. पण सूट मिळणं आणि हक्क असणं यांत फरक आहे. ज्याने सकाळी कामठा खांद्याला लावून ससा शोधत जायचं, तो आता कोणाच्या तरी मेहेरबानीवर चालणार होता.

एकाच वर्षात वेळू सरकारचा झाला आणि वेळूपासून बनलेली वस्तू शस्त्र ठरली. त्याच काळात साहेबलोक बंदुका घेऊन वाघ-बिबट्यांच्या शिकारीला जात होते आणि कातडी दिवाणखान्यात टांगत होते.

पुढची वळणं पटकन सांगतो. १९२७च्या वन कायद्याने 'झाड' या शब्दात बांबूही धरला. गवताला कायद्याने झाड केलं आणि ते नव्वद वर्षं झाड राहिलं. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका झाली २०१७ साली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजावर, म्हणजे बांबूवरही, हक्क दिला. आणि त्याच कलमात पारंपरिक हक्कांमधून शिकारीचा हक्क मुद्दाम वगळला.

मी शिकारीची वकिली करत नाही. माथेरान-कर्जतच्या डोंगरांना चारी बाजूंनी फार्महाऊसं, सेकंड होम आणि रस्ते भिडले आहेत. उरलेल्या प्राण्यांना जगू द्यायला हवं, याबद्दल दुमत असू नये. पण रान आटवलं कोणी आणि त्याची किंमत आधी कोणाकडून वसूल झाली, हे विसरून चालणार नाही. वेळूच्या कामठ्याने ते रान संपवलेलं नाही.

दोन मरणं

शिंगाचं धनुष्य मेलं ते चांगल्या बंदुकांमुळे. ते करणारे कमानगर हुशार होते, त्यांनी वाट काढली. कच्छमध्ये त्यांच्यातले काही चितारी झाले: धनुष्यावर वेलबुट्टी काढणारा हात भिंतींवर चित्रं काढू लागला आणि त्या शैलीला कमांगरी नाव पडलं. उत्तरेकडे कमानगर या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला, हाडवैद्य. वाकलेलं सरळ करणं, सरळ झालेलं बांधून ठेवणं, शिरांची ओळख असणं. धंदा बदलला तरी बोटं तीच राहिली.

वेळूचा कामठा त्याच्यापेक्षा चांगलं काही आलं म्हणून मेला नाही. त्याच्या कामासाठी तो अजूनही पुरेसा चांगला होता. त्याचं काम काढून घेतलं गेलं. आणि कातकऱ्याला चितारी व्हायला कोणी बोलावलं नाही. वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर बोलावलं. उचल घेऊन आठ महिने बाहेर, पावसाळ्यात परत. शिकवायला बाप घरी नाही, शिकायला पोर घरी नाही. कामठा करण्याची कला पुस्तकात कधीच नव्हती. ती एकाने तासताना दुसऱ्याने शेजारी बसून पाहण्यात होती. शेजारी बसायची सवड गेली की ती गेली.

गंमत अशी, की तत्त्व मात्र जिवंत आहे. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीचे जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. त्यांच्या हातातल्या धनुष्याची पाती आजच्या कृत्रिम तंतूंची आणि रेझिनची असतात. ताण सोसणारे तंतू, त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ, दाबाचा विचार करून ठरवलेला आकार. शिरांच्या जागी काच आणि कार्बन आले, सरसाच्या जागी प्रयोगशाळेतला गोंद. म्हैस सुटली. ही योजना वेळूच्या सालीत आधीपासून आहे आणि कमानगराच्या हातातही होती. पदक जिंकणाऱ्या मुलांचं कौतुक करताना मला उगीच वाटत राहतं, की रानात नेम धरायला शिकलेल्या किती पोरांना आपण भट्टीवर पाठवलं आणि मैदान दाखवलंच नाही.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा बूट ओलाचिंब होता. तसाच बाल्कनीत ठेवला आणि विसरलो. चार दिवसांनी ऊन पडलं तेव्हा आठवण झाली. तळवा पुरता सुटून वाकडा झाला होता. केवणीची साल मात्र वाळून, आक्रसून इतकी घट्ट बसली होती, की काकांनी मारलेली गाठ मला नखाने सुटेना. शेवटी कात्री घ्यावी लागली.